रकाना चौथा: बोट

साहेब, तुम्ही एका बाईच्या तोंडावर दार आपटलंत. वर त्याला 'सुरक्षा' असं नाव दिलंत, हिरव्या शाईत सही केलीत, आणि ज्याच्या हातून ते दार लावून घेतलंत त्याला त्याच दुपारी शाल पांघरवलीत. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. तुमच्या संस्थेचंही नाही. बनारसमध्ये हिरव्या शाईचे साहेब पुष्कळ आहेत. त्यांतल्या ज्याला हे वाचताना कॉलर घट्ट वाटेल, ते तुम्ही.

दार लावणाऱ्याचं नाव मात्र लिहितो, कारण तो स्वतःच गावभर सांगत फिरतोय. बिंदुमाधव. राहणार दुर्गाघाट, वय चौतीस, लग्न नाही. तुमच्या संगणक केंद्रातली यंत्रं सांभाळणारा. त्याचे वडील दिनानाथ, म्हणजे अण्णा, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे उपाध्याय. सहा पिढ्या काशीत गेल्या, तरी घरात बोलणं मराठीच. ते मराठी असं की नागपूरच्या पाहुण्याला अर्धं हिंदी वाटावं आणि शेजारच्या पांडेजींना अर्धं तेलुगू.

तर सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात संस्थेच्या यंत्रात बाहेरचा कोणी तरी शिरला. काही चोरलं नाही, मोडलं नाही. फक्त सूचनांच्या पानावर एक ओळ लिहून गेला: 'निदेशक महोदय कल से लंबे अवकाश पर हैं, आप लोग भी घर जाइए.' निम्मा स्टाफ खरंच घरी गेला. दोन दिवस कोणाला संशय आला नाही. साहेबांनी स्वतः ती सूचना वाचली आणि घरी फोन करून बायकोला विचारलं, आपण कुठं चाललोय का.

तिसऱ्या दिवशी बैठक झाली. बिंदुमाधव उभा राहिला आणि म्हणाला, "पंद्रह दिन दीजिए सर. उसके बाद मशीन में मक्खी भी आई, तो किस गाँव की है, किसके घर आई, सब लिखा मिलेगा."

बोलला, आणि फसला. कारण यंत्र लिहीत होतं आधीपासूनच. पण कसं? दिवसाला पाचशे पानं, लांबलचक इंग्रजी वाक्यं, एकाला एक चिकटलेली; कोण आला, का आला, पंखा बंद पडला, सगळं एका दमात, लग्नघरातल्या आत्यासारखं. त्यातून चोर शोधायचा म्हणजे आत्याच्या बोलण्यातून पूर्णविराम शोधायचा.

उपाय घरातच होता. अण्णांच्या वह्या, लाल कापडात बांधलेल्या. दीडशे वर्षांत जो जो यजमान या घरी उतरला त्याची त्यात नोंद: कोण, कुठून, कोणाकडे, काय केलं, केव्हा. साताऱ्याचा माणूस दारात उभा राहिला की अण्णा दोन मिनिटांत त्याच्या पणज्याची सही काढून दाखवतात. पणज्याला सही येत नसेल तर त्याच्या बोटाचा ठसा. माणूस तिथंच रडतो.

बिंदुमाधवनं तेच रकाने उचलले. नोंद एकच, ओळ एकच, रकाने पाच. वाक्य नाही, व्याकरण नाही. रात्री जागून राखण करायला माणूस नको. यंत्र स्वतः ओळीवरून बोट फिरवेल आणि संशय आला तर पुढं एक ते नऊ आकडा टाकेल. नऊ म्हणजे दरोडा. यंत्राला देवनागरी येत नाही, म्हणून मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत आणि आखूड. चुकीची किल्ली लावून पाहिली, KULUP. कोणाची फाइल उचलली, UCHAL.

आणि तिसरा शब्द. त्या वेळच्या यंत्रांत 'फिंगर' नावाची एक सोय होती. जगाच्या पाठीवरून कुठूनही एखाद्याचं नाव विचारायचं, आणि इकडचं यंत्र सांगणार: हो, हा माणूस आहे, आत्ता बसलाय, किंवा, काल सहाला उठून गेला. शेवटी एक ओळ बेताची. त्या माणसानं पुढचा बेत लिहून ठेवला असेल तर तो; नसेल तर 'नो प्लॅन'. बस, एवढंच. आता फिंगरला मराठी काय? बिंदुमाधवनं लिहिलं, BOT.

अण्णांनी छापील कागद चष्म्याजवळ धरून पाहिला.

"पाचच रकाने? सहावा कुठाय?"

"सहावा कोणता अण्णा?"

"कशासाठी. माणूस आला कशासाठी? आईच्या अस्थी घेऊन आला, की मुलगा झाला म्हणून आला?"

"मशीनला ते कसं समजणार?"

"मग ही नोंद नव्हे," अण्णांनी कागद परत दिला. "हा पंचनामा झाला."

बिंदुमाधव हसला. हसायला नको होतं.

पहिल्याच आठवड्यात यंत्रानं नऊ नंबरी दरोडेखोर पकडला. सलग बावीस वेळा KULUP, आतल्याच खोलीतून. शिपाई काठ्या घेऊन धावले. खोलीत साहेब बसले होते, मोठ्या अक्षरांची कळ दाबली गेलेली, आणि आपलाच पासवर्ड रागारागानं ठोकत होते. साहेबांनी हे प्रकरण 'ट्रायल' म्हणून नोंदवायला लावलं. नंतर मात्र सगळं शांत झालं. दरोडेखोर येईना. बिंदुमाधवला यंत्राची लाज वाटायला लागली, पाहुणे आल्यावर गाणं न म्हणणाऱ्या पोरीच्या बापासारखी.

आणि मग त्याला ती ओळ दिसली.

महिन्यातून एकदा. कधी एकोणतीस दिवसांनी, कधी तीस. नेहमी सकाळी सहा ते आठच्या मध्ये, जेव्हा केंद्रात बिंदुमाधवखेरीज कोणी नसतं. कोण: माहीत नाही. कुठून: अमेरिकेतल्या कुठल्याशा यंत्राचे चार आकडे. कोणाकडे: BINDU. काय: BOT. आत शिरायचा प्रयत्न नाही, फाइलला हात नाही. नुसतं नाव विचारायचं आणि निघून जायचं. बिंदुमाधवनंच नियम लिहिला होता: जो घरच्या माणसाची चौकशी करतो आणि काही न घेता जातो तो घर हेरून जातोय. आकडा, सात.

खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. परदेशातला चोर, आणि त्यानं संस्थेतल्या दोनशे माणसांतून निवडला कोण? तो. सहा महिन्यांच्या सहा ओळी त्यानं लाल पेन्सिलीनं अधोरेखित केल्या आणि जानेवारीत अहवाल केला.

समितीत चौघं. साहेब. श्रीनिवास नावाचे तज्ज्ञ, जे दिल्लीला तीन दिवसांचं शिबिर करून आले होते आणि त्यानंतर चहासुद्धा 'इनपुट' म्हणून घेत होते. इतिवृत्त लिहायला कार्यालयाच्या गीताजी. आणि बिंदुमाधव.

गीताजींनी कागद वाचायला घेतला. "ये कुलुप जी कौन हैं? साउथ के हैं?"

"ताला है मैडम. मराठी में."

"और ये उछल?"

"उठाया. फ़ाइल उठाई."

"अच्छा. और ये बोट? अमरीका से बोट आ रही है? किस घाट पर लगेगी?"

श्रीनिवास खुर्चीत पुढं सरकले. ही त्यांची वेळ होती. "बोट नहीं मैडम, बॉट. रोबोट वाला बॉट. आदमी नहीं है ये, प्रोग्राम है. बँधे टाइम पर अपने आप हमला करता है. शिविर में बताया था, लेकिन हिंदुस्तान में दिख जाएगा, ये नहीं सोचा था."

साहेब ताठ झाले. बिंदुमाधव म्हणाला, "नहीं सर, ये भी मराठी है. बोट माने उँगली."

मग साहेबांनी हळूच विचारलं, "मतलब, अमरीका से कोई हर महीने आपको उँगली करता है?"

हे बनारस. इथं उंगली करणं म्हणजे उगाच डिवचणं, हा त्याचा सभ्य अर्थ. दुसरा अर्थ पानाच्या टपरीवर विचारावा. श्रीनिवासांच्या नाकातून चहा आला. गीताजींनी पदर तोंडाला लावला. साहेब टेबलावर थापा मारत होते. "लिखिए गीता जी, लिखिए, बिंदु बाबू को नियमित रूप से..."

बिंदुमाधवचे कान लाल झाले. चौतीस वर्षांत त्याला लोकांनी बरंच काही म्हटलं होतं, पण इतिवृत्तात कधी घेतलं नव्हतं.

श्रीनिवास डोळे पुसत म्हणाले, "तय कर लीजिए भाई. काग़ज़ दिल्ली जाएगा. उँगली लिखें कि बॉट?"

एक शब्द. माणसानं जरा लाज सोडली असती तर.

"बॉट लिख लीजिए," बिंदुमाधव म्हणाला.

आदेश त्याच दुपारी निघाला. एक: ते चार आकडे ज्या कोणाचे असतील, त्याच्याशी जाणं-येणं दोन्ही बाजूंनी बंद. दोन: फिंगरची सोय कायमची बंद. ही दोन्ही दारं बिंदुमाधवनं स्वतः पाच मिनिटांत लावली आणि शाल पांघरून घेतली. तिसरं कलम त्यानं शाल पांघरल्यावर वाचलं. हल्लेखोर ज्याचं नाव विचारतो त्याच्या हाती किल्ली ठेवणं धोक्याचं. सबब बिंदुमाधव यांचं खातं बंद, किल्ल्या सीलबंद पाकिटात, पाकीट साहेबांच्या कपाटात. चोर पकडला त्यानं, आणि बाहेर राहिला तोच.

रविवारी सकाळी अण्णा ओसरीवर पंचांग उघडून बसले होते. बिंदुमाधवनं शाल दाखवली, प्रमाणपत्र दाखवलं, मग त्या सहा ओळी दाखवल्या. अण्णा बोटांच्या पेरांवर काही मोजू लागले. पंचांगाची पानं मागं उलटली. पुन्हा मोजलं.

"ही सगळी वद्य पंचमी आहे रे."

"असेल."

"पंचमीला कोण येतं सकाळी सकाळी? काही व्रत नाही, काही नाही." अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा आहे कुठला?"

"चार आकडे आहेत ना."

"आकड्यांना गाव नसतं? माझ्या वहीत कोणी आकडे घालून गेला असता तर मी त्याला पणजा दाखवला असता का? गाव सांग."

गाव बिंदुमाधवनं शोधलंच नव्हतं. रकान्यात मावत नाही म्हणून नावं गाळून आकडेच ठेवले होते. तो उठला, सायकल काढली, विद्यापीठातल्या एका मित्राकडं जाऊन ते आकडे पाहून आला. येताना सायकल हातानं ढकलत आला.

"ओहायो," तो म्हणाला. "अमेरिकेत."

"तिथं किती वाजलेले असतात, इकडं सकाळचे सात होतात तेव्हा?"

"साडेआठ. आदल्या दिवशी संध्याकाळचे."

"म्हणजे तुझी पंचमी," अण्णा म्हणाले, "तिथं चतुर्थी. संकष्टी. आणि वेळ चंद्रोदयाची." मग पंचांग मिटत म्हणाले, "ती पलीकडच्या खिडकीतली देवयानी. कुठं गेली म्हणाला होतास?"

बिंदुमाधवनं सायकल भिंतीला टेकवली. सांगायचं काय? अण्णांना ठाऊक होतं.

दुर्गाघाटाच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील, साहेब. दोन घरांमध्ये एक म्हैस मावते, तीही श्वास आत घेऊन. पलीकडच्या घरात खालच्या मजल्यावर देवयानीचं बिऱ्हाड होतं. वडील बँकेत, नागपूरहून बदलून आलेले. तिला खिडकी होती, आकाश नव्हतं. आणि ती संकष्टी करायची. चंद्र गंगेपलीकडून उगवतो, तो दिसणार फक्त बिंदुमाधवच्या गच्चीवरून. म्हणून दर चतुर्थीला तो गच्चीवर आणि ती खालून गजांना नाक लावून विचारणार:

"बिंदू, आहे का रे?"

"नाही अजून."

पुन्हा दहा मिनिटांनी, "आता तरी आहे का?"

"आहे."

मग ती जेवायची. पाच वर्षं हे चाललं. यापलीकडं काही बोलणं झालं असेल तर ते बिंदुमाधवला आठवत नाही, आणि त्याला सगळं आठवतं. ती गणितात शिकायला ओहायोला निघाली त्या आधीच्या चतुर्थीला चंद्र चांगला हातभर वर आला, तरी हा गच्चीवरून म्हणत राहिला, नाही, नाही अजून. पाऊण तास. कारण 'आहे' म्हटलं की ती खिडकीतून जाणार. शेवटी ती म्हणाली, "खोटं बोलतोयस तू. दुसरं काही बोलायचं असेल तर बोल ना."

गच्चीवरचा शहाणा म्हणाला, "आहे."

ती गेली. दोन वर्षांनी, चौऱ्याण्णवमध्ये, याला संस्थेत खातं मिळालं तेव्हा यानं एक ई-मेल पाठवला: माझं खातं उघडलं. तिचं उत्तर आलं: छान. संपला पत्रव्यवहार. दोघंही ताठ, जणू आधी वाकेल त्याला दंड होता. पलीकडच्या त्या खोलीत आता साड्यांच्या गाठोड्यांचं गोदाम आहे. तरी हा दर संकष्टीला गच्चीवर जातो आणि चंद्र दिसला की आसपास कोणी ऐकत नाही ना बघून गोदामाला सांगतो, "आहे."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडं चतुर्थीचा चंद्र वर आला की, ती यंत्रासमोर बसून विचारत होती: बिंदू आहे का? यंत्र सांगत होतं: आहे. मग ती जेवत होती. यंत्र लिहायला लागल्यापासून सहा वेळा. त्याच्या आधी किती वेळा, ते कोणी लिहिलंच नाही. आणि प्रत्येक वेळी यंत्र शेवटची ओळ दाखवत होतं, बेताची, कारण या गाढवानं चार वर्षांत तिथं काही लिहिलं नव्हतं: नो प्लॅन. ते वाचूनही ती पुढच्या महिन्यात येत होती.

"चतुर्थी आता कधी?" बिंदुमाधवनं विचारलं.

"सोळा दिवस आहेत," अण्णा म्हणाले. "दार उघडून घे जा. तूच लावलंयस ना?"

तिथून सुरू झाली खरी गंमत. सोमवारी बिंदुमाधव गीताजींपुढं उभा राहिला.

"रोक हटवानी है? फ़ॉर्म भरिए." त्यांनी फॉर्म दिला. "कारण के सामने एक इंच जगह है, उससे ज़्यादा साहब पढ़ते नहीं."

बिंदुमाधवनं एका इंचात लिहिलं: चतुर्थी.

गीताजींनी वाचलं, चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "बिंदु बाबू, ये कारण है कि छुट्टी की अर्ज़ी?"

"मैडम, वो बॉट नहीं है. औरत है."

गीताजींनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्या हसल्या नाहीत. "तो उस दिन बोले क्यों नहीं?"

"आप लोग हँस रहे थे."

"हँस तो हम आज भी लेंगे," त्या म्हणाल्या, आणि फॉर्म स्वतः आत नेऊन ठेवला.

श्रीनिवासांकडं गेला तर तिथं वेगळंच. बॉटची पुन्हा उंगली करायला ते तयार नव्हते, कारण पूर्व उत्तर प्रदेशात पकडलेला पहिला बॉट या विषयावर त्यांचा लेख दिल्लीला गेला होता, छायाचित्रासह. "बॉट भी व्रत रख सकता है," ते म्हणाले. "प्रोग्राम में चाँद का हिसाब डाल दो, हो गया. आप भावुक हो रहे हैं." मग आवाज खाली आणून, "वैसे, सुंदर है?"

साहेबांनी भेट दिली सहाव्या दिवशी, चार मिनिटं. ते म्हणाले, नियम साफ आहे. बंदी उठवायची तर अर्ज ज्याच्यावर बंदी आहे त्यानं करावा. ई-मेलनं. त्याच पत्त्यावरून.

"सर, पर वो मेल तो रुका हुआ है. हमने ही रोका है."

"तो आपने काम अच्छा किया है," साहेब म्हणाले. "इसी का तो शॉल दिया था."

आणि खातं? खात्याचा अर्ज खातेदारानं आपल्या खात्यातून करायचा.

बिंदुमाधव घरी आला. तिचा ई-मेलचा पत्ता त्याच बंद खात्यात अडकलेला. अण्णांनी टपालाचं निळं एअरोग्राम आणून ठेवलं होतं. गणित विभाग, ओहायो, एवढा पत्ता पुरे, म्हणाले, पोस्टमन सगळीकडं सारखेच. त्यानं चार कोरे कागद फाडले. सहा वर्षांचं बोलणं वाक्यात बसेना. शेवटी अण्णांनी वही पुढं सरकवली. मग त्यानं रकाने आखले, सहा, आणि भरले. कोण: बिंदुमाधव. कुठून: दुर्गाघाट, गच्ची. कोणाकडे: देवयानी. काय: आहे. केव्हा: त्या दिवशीही होता, पाऊण तास आधीपासून. सहाव्या रकान्यात काय लिहिलं ते त्यानं तळहातानं झाकलं; अण्णांनाही दाखवलं नाही. डकवायला गोंद मिळेना म्हणून भाताची शितं लावली, ती जास्त झाली, आणि आता तिकडं ते उघडताना निम्मा मजकूर फाटणार, ही नवी काळजी.

टपालाला पंधरा दिवस लागतात, साहेब. चतुर्थी नवव्या दिवशी आहे. त्या संध्याकाळी ओहायोत एक बाई दिवसभर उपाशी राहून यंत्रासमोर बसेल आणि तीच एक गोष्ट विचारेल जी ती कायम विचारत आली आहे. तुमचं यंत्र गप्प बसेल. पुढच्या महिन्यात ती विचारेल की नाही, कोणाला माहीत? मला नाही. तुम्हालाही नाही.

पाकीट तुमच्या कपाटात आहे, डावीकडं, वरच्या कप्प्यात, शालीच्या बिलाखाली. गीताजींनी सांगितलं. उघडायला पाच मिनिटं लागतात. लावायला लागली तेवढीच. त्या माणसाला आता बेत लिहायचाय, एक ओळ, आणि तुम्ही त्याची जागा बंद करून बसलात.

अर्ज तुमच्या टेबलावर आहे. हिरवी शाईही आहे. म्हणून तिच्या वतीनं तिचाच प्रश्न तुम्हाला विचारतो, आणि उत्तर नऊ दिवसांच्या आत पाहिजे, लेखी:

बिंदुमाधव आहे का?